आत्याची पांढरी बदकं

परवा दौंडच्या बाजारात एका टोपलीतून बदकाचा घोगरा आवाज आला आणि मी मनातल्या मनात म्हणाले, हा नर. ही ओळख मला मांडवगण फराट्याच्या आत्यामुळं झाली.

मोतीबिंदूनं तिची नजर फार मंदावली होती. तिचा मुलगा, आमचा दादा, बदकं विकायला निघाला. म्हणाला, "आई, सगळी एकसारखी पांढरी. नर कुठला, मादी कुठली तुला दिसत न्हाई. कशी सांभाळणार?"

आत्या अंगणात बसली. ओल्या पिसांचा, चिखलाचा वास सुटला होता. एकेक बदक तिनं मांडीवर घेतलं आणि ते ओरडेपर्यंत थांबली. "ही मोठ्यानं कालवा करती, मादी हाय. ह्याचा घसा बसल्यागत, नर." मग खात्रीला शेपटीवर बोट फिरवी. नराचं वरचं पीस गोल वळलेलं लागे. एकही चुकलं नाही.

तेव्हा मला ती गंमत वाटली होती. आता माझीही नजर अधू होत चाललीय, आणि तिनं किती शांतपणे आपलं अंगण राखलं, ते कळतं.

त्या दिवशी दादा एवढंच म्हणाला, "ऱ्हाऊ दे मग. पाणी तेवढं मी भरीन."