आटलेल्या आडातलं पाणी

आमच्या मोठीआईनं भर पंगतीत सांगितलं होतं, "माझी पाळी परत आलीय."

काल माझी ही थोरली चुलती गेली, लिंगैक्य झाली. नव्वदी पार करून.

फॅमिली ग्रुपवर सकाळपासून सगळे हात जोडतायत. मायाळू होती, कष्टाळू होती, सगळं खरं आहे. पण मला तिची ती पंगत आठवतेय.

लातूर जिल्हा नवीन झाला होता, त्या सुमाराची गोष्ट. आम्ही मुरुडला, एकत्र कुटुंब, पुढं किराणा दुकान. दुकानात दिवसभर एकच चर्चा, की आता कलेक्टरचं काम असलं तर उस्मानाबाद गाठायला नको.

कलेक्टर आला, पाऊस मात्र आला नाही.

परसातला आड आटला. शेतातल्या विहिरीवरून बैलगाडीत टिपाडं भरून पाणी यायचं आणि घरात ते तुपासारखं वापरलं जायचं. अंघोळ म्हणजे अंग पुसणं. तरी रांजण रोज वेळेआधीच तळाला जायचा.

संशय आला सुनंदावहिनीवर. मोठीआईची सून, उदगीरची, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवी नवरी, तिला पाण्याची किंमत काय, असं सगळे कुजबुजायला लागले.

एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरात बाहेर बसणं नव्हतं. आम्ही लिंगायत, गळ्यात लिंग असलं की विटाळ नाही, पाळीतही बायका पूजा करायच्या. शेजारी कोण कधी कोपऱ्यात बसलंय हे अख्ख्या गल्लीला कळायचं. आमच्याकडं कुणाचंच कुणाला कळत नव्हतं.

विटाळ नव्हता, पण लाज होतीच की!

तर त्या दिवशी पुरुषांची पंगत बसली होती. मोठेबाबा, म्हणजे मोठीआईचे मालक, जेवता जेवता म्हणाले की पाऊस पडेपर्यंत सुनेला माहेरी धाडा. वहिनी दाराआड उभी होती. तिचे डोळे भरलेले मला दिसले.

मोठीआई भाकरी वाढत होती. तिनं टोपली खाली ठेवली.

"तिला बोलू नका. पाणी मी नेते. माझी पाळी परत आलीय. कपडे धुवावं लागतेत."

माझे वडील आमटीत बघत बसले. एक काका तर पाणी न पिताच उठले.

आत बायकांत मात्र हशा पिकला. तिची पाळी जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. कुणी म्हणालं तरणी झालीस. आमची आत्या म्हणाली, दुष्काळाची उष्णता आहे, सब्जा भिजवून घे. मोठेबाबांनीही मग तेच धरलं. उष्णता आहे, जाईल.

मोठीआई त्यांना म्हणाली,

"आपला आड आटलाय. उद्या त्यात आपोआप पाणी दिसलं, तर घागर बुडवताल का आधी बघताल, कुठून यायलंय ते?"

शाळेचं तोंड न बघितलेली बाई नव्हती ती, चौथी शिकलेली होती. पण हे काही तिला कुणी शिकवलं नव्हतं. आपल्याच अंगाकडं इतकं सरळ बघायचं धाडस कुठून आणलं असेल तिनं?

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं लातूरला गेली. मोठेबाबा सोबत होते, पण चार पावलं पुढं. जणू ओळखच नाही.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की पाळी एकदा वर्षभर बंद राहिली, की त्यानंतर दिसलेला एक डागही तपासून घ्यायचा. दर वेळी वाईटच असतं असं नाही, पण तपासल्याशिवाय कळत नाही. तिचं वाईट निघालं. गर्भाशयाचा कॅन्सर, अगदी सुरुवातीचा. सोलापूरला पिशवी काढली.

हसत सब्जा घेत बसली असती तर?

त्यानंतर ती चाळीस वर्षं जगली, आणि चाळीस वर्षं सगळ्यांना लाजवत जगली. लग्नात, बारशात, बाई दिसली की पहिला प्रश्न, "पाळी येळेवर हाय का?"

कॉलेजात माझी पाळी तीन-तीन महिने गायब व्हायची. मी खूश होते, कटकट नाही म्हणून. हिनं दंडाला धरून दवाखान्यात नेलं. थायरॉइड निघाला. वहिनीला पुढं अंगावरून फार जायला लागलं, तेव्हाही हीच घेऊन गेली. रक्त निम्म्यावर आलं होतं तिचं.

म्हणायची, "येगयेगळ्या बायांची येगयेगळी ऱ्हाती. आपल्या नेहमीपेक्षा बदलली की इचारायचं."

आता माझं.

माझी पाळी बंद होऊन तीन वर्षं झाली. मागच्या महिन्यात डाग दिसला.

मी, एमए झालेली, सगळं माहीत असलेली, गप्प बसले. दगदग झाली असेल म्हटलं. म्हणजे माझा सब्जाच की तो.

गेल्या रविवारी तिला भेटायला मुरुडला गेले. खाटेवर होती, एवढीशी झालेली. तिच्या कानाशी हळूच सांगितलं. तिला ऐकू येईना. परत सांगितलं. तरी नाही. शेवटी ओरडूनच सांगावं लागलं. बाहेर बसलेल्या तिच्या जावयांनीसुद्धा ऐकलं, बिचारे चप्पल शोधायला लागले.

ती एवढंच म्हणाली,

"मग हितं काय करायलीस?"

माझ्याशी ती बोललेलं हे शेवटचं.

काल तिला माती दिली. वहिनी माझा हात धरून उभी होती. सोमवारी माझी तपासणी आहे, वहिनीच सोबत येणार आहे.

काय निघेल ते निघेल. भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू? पण मोठीआई, तुझ्यासारखं मीही आज हे इथं लिहून भर पंगतीत सांगितलं बघ.

तुला माझा नमस्कार, शरणु शरणार्थी.