उलट्या होतायत ना?

दिवस गेलेल्या बाईला पहिले तीन महिने कुणी काही विचारायचं नाही, असा एक कायदा व्हायला हवा. मोडणारीला चाळीच्या गॅलरीत उभं करून तिच्याच पोटाचे प्रश्न विचारावेत. गॅस होतो का, सकाळी साफ होतं का, रात्री किती वेळा उठता. सगळा मजला ऐकत असताना. मग कळेल. हे लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं की आता राग गेला असेल. गेलेला नाही.

माझी ही दुसरी खेप. पहिल्या खेपेला मला इतक्या उलट्या व्हायच्या की पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. आमची लालबागची अख्खी चाळ तेव्हा खूश होती. इतक्या उलट्या म्हणजे गर्भ घट्ट धरलाय, असं एकजात सगळ्या बायका सांगत होत्या. सातव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ठोके दिसले. नवव्या आठवड्यात दिसले नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की वाढ आठ दिवसांपूर्वीच थांबली असावी. त्या आठ दिवसांत मी रोज सकाळी मोरीत ओकत होते आणि सासूबाई बाहेरून समाधानाने म्हणत होत्या, होऊन जाऊ दे. क्युरेटिंग करून घरी आले तेव्हा त्याच बायका म्हणाल्या, आमाला तेव्हाच वाटलं होतं, एवढ्या उलट्या बऱ्या नव्हेत.

तेव्हा या वेळी टेस्टवर दोन रेघा उमटल्या आणि मी ठरवलं, कुणाला सांगायचं नाही. नवऱ्याला सांगितलं. सासूबाईंना सांगावंच लागलं, कारण दहा बाय बाराच्या खोलीत लपवणार काय. त्यांचाही नियम हाच की तीन महिने तोंडातून शब्द काढायचा नाही, नजर लागते. लग्नाला पाच वर्षं झाली होती, आणि आमच्या दोघींचं एखाद्या गोष्टीवर एकमत होण्याची ती पहिलीच वेळ होती.

ते एकमत जेमतेम दोन आठवडे टिकलं. सासूबाई मालवणकडच्या. काळजी वाटली की त्या गावच्या देवाला गाऱ्हाणं घालतात. म्हणजे गावातला एक मानकरी देवासमोर उभा राहून आपलं मागणं मोठ्याने सांगतो आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. सासूबाईंनी मला न विचारता गावी मानकरी असलेल्या आपल्या चुलत दिरांना फोन केला आणि बजावलं की गाऱ्हाण्यात हेही घाला, तीन महिने ही गोष्ट कोणाला कळता कामा नये. दीर आज्ञाधारक. त्यांनी सोमवारी भर देवळात खणखणीत आवाजात सांगितलं, “मुंबयत लालबागाक ऱ्हवणाऱ्या आमच्या सुनेक दिवस गेलेहत. गेल्या खेपेक राखूक नाय, ह्या खेपेक राख. आणि ही गोष्ट तीन म्हयने कोणाच्या कानार जावची नाय असा कर रे म्हाराजा.” वीसेक माणसं एका सुरात म्हणाली, व्हय म्हाराजा. त्यातल्या एकाने मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. आमच्या चाळीतली निम्म्याहून अधिक बिऱ्हाडं त्याच गावची आहेत.

मला हे कळलं ते जिन्यात. ऑफिसातून येत होते, तर पहिल्या मजल्यावरच्या काकींनी माझ्या हातातली भाजीची पिशवी काढून घेतली आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, “आम्ही कोणाला बोलणार नाय हां. उलट्या होतायत ना?”

वर येऊन मी सासूबाईंना व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला आणि म्हणाल्या, आवाज चांगला आलाय. त्या रात्री मी जेवले नाही. नवरा म्हणाला की जाऊ दे ना, चांगल्यासाठीच केलं. त्याच्याशीही बोलायचं मी बंद केलं.

मग रोज तेच. पाण्याच्या वेळेला, कपडे वाळत घालताना, संडासाच्या रांगेत. उलट्या होतायत ना? मी म्हणायचे, नाही. की समोरचा चेहरा पडलाच. मग ती बाई नुसती माझ्या पोटाकडे बघायची. ते बघणं मला मारल्यासारखं लागायचं. एकीने तर उलट्या नसणं म्हणजे ‘आत काही हलत नाही’ असं सासूबाईंना सांगून टाकलं. सासूबाई त्या संध्याकाळी देवाला दिवा लावायला विसरल्या.

खरं म्हणजे बाकीची लक्षणं होती. दुपारी चारनंतर मी ऑफिसात डोळे उघडे ठेवून झोपायचे. छाती इतकी दुखायची की बसमध्ये पर्स पुढे धरून उभी राहायचे. तासातासाला लघवी. रक्ताचा डाग नाही, पोटात कळ नाही. पण या गोष्टी गॅलरीत उभं राहून सांगता येत नाहीत. आणि सगळ्यात चीड याची की उलट्यांना काही अर्थ नसतो हे त्या चाळीत माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, तरी मीच त्यांची वाट बघत होते. मोबाइलमधलं ॲप सांगायचं, तुमचं बाळ आता रासबेरीएवढं झालं आहे. रासबेरी मी आयुष्यात पाहिलेली नाही. मी ते ॲप काढून टाकलं.

एका शनिवारी तर मी मुद्दाम मसाल्याच्या गल्लीतून गेले. मिरची भाजायचं काम जोरात होतं, माणसं तोंडाला फडकी बांधून उभी होती. मी दहा मिनिटं तिथे उभी राहिले. खूप शिंका आल्या. मळमळलं नाही. घरी आले तर शेजारी सुके बोंबील भाजत होते आणि मला कडकडून भूक लागली.

डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं होतं की आठव्या आठवड्यात सोनोग्राफी करा. मी गेले नाही. घरी सांगितलं की तारीख पुढची दिली आहे. आधी ठोके दिसतात आणि मग दिसत नाहीत, हे मी एकदा पाहिलं होतं. जोवर बघत नाही तोवर ते जिवंत होतं. इतका साधा हिशेब होता माझा, आणि तो मूर्खपणाचा आहे हेही मला कळत होतं.

आणि त्याच आठवड्यात, एका सकाळी सहाच्या सुमाराला, मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि उलटीचा आवाज काढला.

का काढला? त्या बायकांची तोंडं बंद करायला. बाहेर गॅलरीत दात घासत दोघी-तिघी उभ्या होत्या, त्यांना ऐकू जावं म्हणून चांगला पोटातून काढला. अनुभव होताच. बाहेर आले तर सासूबाई चहाचं आधण ठेवत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, फक्त आधणात आलं जास्त किसलं. गॅलरीतून एक आवाज आला, झाली गो सुरू. मला इतका आनंद झाला की स्वतःचीच लाज वाटली.

मग ते रोजचंच झालं. सकाळी एकदा, रविवारी दोनदा. गॅलरीतले प्रश्न थांबले. कुणी आवळा आणून दिला, कुणी कोकमाचं सार. मी ते सार जेवणाबरोबर वाटी वाटी प्यायचे. सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या, पोरीच्या पोटात काही ठरत नाही. मनात मी त्यांना हसत होते. मनात मी त्यांना बरंच काही बोलत होते, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दहावा आठवडा लागला तेव्हा सासूबाईच हट्टाला पेटल्या. एवढ्या उलट्यांनी अशक्तपणा येईल, डॉक्टरकडे चल. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना हिंदमाताला, साड्यांच्या एका दुकानाच्या वर. आत गेल्यावर मी तोंड उघडायच्या आधीच सासूबाईंनी सुरुवात केली. रोज सकाळी, रविवारी दोनदा, काही टिकत नाही. डॉक्टरीणबाई ऐकत होत्या आणि फाइलमध्ये लिहीत होत्या. मी समोरून उलटं वाचलं. उलट्या, भरपूर.

माझ्या बाळाविषयी या जगात लिहिली गेलेली ती पहिली गोष्ट होती आणि ती खोटी होती. मला एकदम भीती वाटली. चाळीतल्या बायकांशी खोटं बोलले, त्याचं काही वाटलं नव्हतं. या कागदाशी खोटं बोलता येईना.

“मला उलट्या होत नाहीत,” मी म्हणाले. “एकही झालेली नाही. मी नुसता आवाज काढते.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. सासूबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. मला वाटलं होतं डॉक्टरीणबाई हसतील, त्या हसल्या नाहीत. त्यांनी एकेक गोष्ट विचारली. डाग? नाही. कळा? नाही. चक्कर, खांद्यात दुखणं? नाही. थकवा, छाती जड? हो. मग म्हणाल्या की हे सगळं चांगलं आहे. कितीतरी बायकांना शेवटपर्यंत उलट्या होत नाहीत आणि मुलं धडधाकट होतात. उलट्या असल्या म्हणजे सगळं ठीक, असंही नसतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. लक्षणं एखाद्या दिवशी कमी वाटतात, एखाद्या दिवशी जास्त, त्यांच्याकडे बघत बसू नका. तारखेप्रमाणे वाढ आणि ठोके, हे दोन दिसले की मी निर्धास्त. आठव्या आठवड्यात का नाही केलीत सोनोग्राफी, असं त्यांनी विचारलं. मी पर्सची चेन उघडली, लावली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, फोन उचलला आणि परळच्या सेंटरला सांगितलं की पेशंट आत्ता येते आहे.

हिंदमाताहून परळपर्यंत आम्ही चालत गेलो. सासूबाई दोन पावलं पुढे.  मी वाटेत सगळं भांडण तयार करून ठेवलं. तुम्ही देवळात दवंडी पिटलीत. तुम्ही त्या बायकांना घरात घेतलंत. मागच्या वेळी होऊन जाऊ दे म्हणालात. आज जर आत काही नसेल तर मी तुमच्या तोंडावर सांगेन की आता घाला गाऱ्हाणं. हे शेवटचं वाक्य मी दोन-तीनदा घोळवून पाहिलं, नीट धारदार करून ठेवलं.

सेंटरवर सही घेतली, मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही. मुलगा की मुलगी याची मला त्या दिवशी काडीची पर्वा नव्हती. पाणी प्या म्हणाले. सासूबाई खाली जाऊन पाण्याची बाटली घेऊन आल्या, झाकण उघडून माझ्या हातात दिली आणि पुन्हा दूरच्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

आत अंधार, थंडगार जेल, आणि मागच्या वेळचेच डॉक्टर. ते गप्प होते. मागच्या वेळीही असेच गप्प होते. मला त्या माणसाचा इतका द्वेष वाटला की मी छताकडे बघून दात आवळले. माझ्या पोटावर ते यंत्र फिरत होतं आणि डॉक्टर मापं घ्यायला स्क्रीनवर रेघा ओढत होते. एक रेघ, दुसरी रेघ. मग त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. तिथे काहीतरी लुकलुकत होतं, घाईघाईने, न थांबता.

“ठोके एकशे सत्तर,” ते म्हणाले. “तारखेप्रमाणे वाढ बरोबर आहे.”

मी विचारलं, नक्की का. ते म्हणाले, तुम्हीच बघा ना. मी बघत राहिले. त्यांना पुढचा पेशंट घ्यायचा होता, तरी मी बघत राहिले.

बाहेर आले. सासूबाईंनी मान वर केली नाही.

“आहेत ठोके,” मी म्हणाले. “वाढपण बरोबर आहे.”

त्यांनी पदराने तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं. मग म्हणाल्या, “माका ठावक होता.”

माझं डोकं पुन्हा फिरलं. तुम्हाला कसं ठाऊक असणार, मी म्हणाले.

“ता नाय. तू मोरीत खोटो आवाज काढतंस, ता. पयल्याच दिवसापासून.”

उलटी झाल्यावर बाई चूळ भरते, मी भरत नव्हते. त्या एवढंच म्हणाल्या. मी विचारलं, मग बोलला का नाहीत. त्या फाइलवरच्या माझ्या नावाकडे बघत होत्या.

“सकाळी जाग येता माका. पण तुझो आवाज येयपर्यंत माझे हातपाय चलनत नाय. खोटो तर खोटो. कानार पडलो काय बरा वाटता.”

जमवून ठेवलेल्या भांडणातलं एकही वाक्य मला आठवेना. राग होता, तो तसाच हातात राहिला, आणि त्याचं काय करायचं ते समजेना. आम्ही टॅक्सी केली. घरी येईपर्यंत दोघी आपापल्या खिडकीतून बाहेर बघत होतो.

दुसऱ्या दिवशी मी ठरवून उठले नाही. सहा वाजले, नळाला पाणी आलं, गॅलरीत चुळांचे आवाज सुरू झाले. मी जागीच होते. सासूबाई गॅसपाशी गेल्याचं ऐकू आलं, पण आधण ठेवल्याचं भांडं वाजलं नाही. बऱ्याच वेळाने त्या माझ्या अंथरुणाशी आल्या आणि नवरा उठू नये म्हणून अगदी हळू म्हणाल्या, “एकदाच काढ गो.”

मी उठले आणि मोरीत गेले.