पोकळ मुठीचा चाकू

नव्वदच्या दशकात मी सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होतो. शेजारच्या मशिनवर पेठ तालुक्याकडचा एक जण होता. सुट्टी आली की आम्ही दोघं त्याच्या गावाकडच्या डोंगरांत भटकायचो. तिकडच्या सगळ्या पुरुषांसारखा तोही कमरेला मागे लाकडी आकडीत कोयता अडकवून निघायचा. पावसाळ्यात त्या कोयत्यावर गंज चढायचा आणि मी त्याची यथेच्छ टर उडवायचो.

मग मी शहरातल्या मेन रोडवरून स्टेनलेस स्टीलचा चाकू आणला. पाठीला करवतीचे दात, पोकळ मुठीत गळ आणि काड्या, टोपणात होकायंत्र. त्यानं तो हातात घेऊन एवढंच विचारलं, पातं मुठीत कुठवर गेलंय? दिवसभर नट-बोल्ट आवळणाऱ्या मला हा प्रश्न दुकानातच पडायला हवा होता. पण मी चकाकीवर भाळलो होतो. मी म्हणालो, हा जन्मात गंजणार नाही. या रविवारी तुझा कोयता घरी ठेव, माझ्या चाकूवर दिवस काढून दाखवतो. नुसता माज होता माझा. तो हसला आणि त्यानं माझं ऐकलं.

त्या रविवारी ओहोळ ओलांडताना पुरानं आणून टाकलेलं एक झाड त्याच्या पायाखाली सरकलं. मनगटाएवढ्या फांदीखाली त्याची नडगी खडकाशी आवळली गेली. ओढून पाय निघेना, झाड हलेना. वर डोंगरात पाऊस लागला होता आणि पाणी त्याच्या गुडघ्याला आलं होतं.

करवतीचे दात ओल्या लाकडात अडकून बसले, म्हणून मी चाकूनं फांदीवर घाव घालायला लागलो. पाचव्या-सहाव्या घावाला पातं मुठीपाशी तुटून पाण्यात पडलं. मुठीत पात्याचं बोटभर शेपूट होतं, एका नटावर धरलेलं. मला स्वतःची किळस आली. त्यानं मुठीकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाला, "पळ. पाड्यावरनं कोयता आण."

पाडा चढावर होता. मी पळालो, पडलो, पुन्हा पळालो. तिघे जण कोयते घेऊन माझ्यासोबत धावत आले. तोवर पाणी त्याच्या डोक्यावरून वाहत होतं. त्यांच्यातल्या एकानं चाचपडत, पाण्याखालीच फांदी तोडली. चार घाव लागले.

त्याची बायको तेव्हा माहेरी होती. क्रियाकर्म उरकल्यावर मी तिला भेटायला गेलो. पाय अडकला, पाणी वाढलं, एवढं सगळं मी सांगितलं. चाकूचं नाव काढलं नाही. तिनं खाली बघतच विचारलं, "ते कोयत्याबिगर कधी रानात गेले नाय. त्या दिवशी का नाय नेला?"

मी म्हणालो, "विसरला असेल."