पिण्याच्या पाण्याचा ड्रम

हे मी आजवर कुणापुढे बोललेलो नाही. बायकोपुढेही नाही — आणि माझं काहीच तिच्यापासून लपत नाही, असा तिचा समज आहे.

यवतमाळजवळ लोहाऱ्याला बांधकामावर मी मुकादम. मजूर मला भाऊ म्हणतात. जिवाला जीव देणारा माणूस, असंही म्हणतात. ऐकून लाज वाटते — पण नाही म्हणायला तोंड उघडत नाही.

स्लॅब टाकताना पाहिलंय कधी? एकदा मिक्सर सुरू झाला की थांबवायचा नाही, हा आमचा धर्म. मध्येच सोडलं तर सांधा राहतो आणि पावसाळ्यात नेमकं तिथेच गळतं. त्या दिवशी — मे महिना, भर दुपार — पाऊण स्लॅब झाला आणि पाणी संपलं. टँकरवाला फोन उचलेना. सावलीत ओलं पोतं गुंडाळलेला एक ड्रम होता, मजुरांच्या पिण्याचा.

तो मी मिक्सरमध्ये ओतला. काम थांबवता आलं नसतं का? आलं असतं. एखादं छत गळलं असतं, दुसरं काय?

सुमन घमेली वाहत होती. माझ्यापाशी येऊन म्हणाली, "भाऊ, घोटभर पाणी द्या ना. डोयापुढं अंधारी येऊन राह्यली."

"घंटाभरात निपटते स्लॅब. मंग पी पोटभर," मी म्हणालो.

तिचं कपाळ कोरडं होतं. वीस वर्षं उन्हात काढलीत मी — घाम आटला की माणूस हातचा जातो, हे मला कळत नव्हतं? कळत होतं. मी पाहिलं आणि तोंड फिरवलं. आणखी चार-पाच घमेली झाली असतील. ती कोसळली, दवाखान्यात पोचेपर्यंत संपली.

पण खरं पाप — सांगतो — त्यानंतरचं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिचा नवरा, देवराव, निरोप मिळून दुसऱ्या कामावरून धावत आलेला, शेजारीच उभा होता. मी म्हणालो, पाणी भरपूर होतं. ती घरूनच आजारी आली होती. बाकीचे मजूर पांढरकवड्याकडचे, दुसऱ्याच दिवशी गावी परतले. ड्रमचं बोलायला उरलं कोण? आणि देवराव — खोटं मी बोललो, पुरावा त्याने शोधला. सकाळी तिचं डोकं दुखत होतं, हे त्याला आठवलं. मे महिन्यात कुणाचं दुखत नाही?

चार वर्षं झाली. माझी मलाच किळस येते — येऊन होतं काय? परवा त्याच्या घरी गेलो. मुलगी बापाशी बोलत नाही. ताट ठेवते आणि आत जाते.

"बराबर आहे तिचं," तो म्हणाला. "तिच्या मायले दुखण्यात म्याच धाडलं ना कामावर."

मुलगी दाराशी उभी राहून ऐकत होती. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणालो, "झालं ते झालं, देवराव. चुकते मानूस."

पोरीदेखत मी त्याला माफ केलं आणि घरी येऊन जेवलो.