भाऊजींच्या तोंडापायी गेलेला ओटा

माझे भाऊजी सुतार आहेत आणि फार चांगले सुतार आहेत. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे बोलणार आहे त्यात ते राहून जाईल. माझं इस्त्रीचं दुकान त्यांच्या कारखान्याच्या बरोब्बर समोर. मधे फक्त रस्ता. त्यामुळे गेली वीस वर्षं मी हातानं लोकांचे शर्ट दाबतोय आणि कानांनी भाऊजींचं लाकूडपुराण ऐकतोय. माणसं त्यांना नावानं आठवत नाहीत. "काल शिसवी कपाट भेटलं होतं," असं म्हणाले की समजायचं, बँकेतले साहेब भेटले होते.

माझी ताई ही त्यांची बायको. तिच्या स्वयंपाकघरातला जुना ओटा भिंतीच्या दुरुस्तीत फुटला, त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हा भाऊजींनी जाहीर केलं, "आता दगड नको की फरशी नको. सुताराच्या घरात ओटा लाकडाचाच हवा. फळी मी निवडीन. घाई कोणी करायची नाही." आणि आठ दिवसांपुरतं म्हणून कारखान्याचं एक जुनं दार दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकून दिलं. घोड्या म्हणजे फळी कापताना खाली घेतात त्या. उंची गुडघ्याहून जेमतेम वर. दाराला कडीचं भोक होतं, त्यात ताई सुरी उभी करून ठेवायची. ते आठ दिवस नऊ वर्षं चालले.

कारण भाऊजी निवडत होते ना! घरभर लाकडाचे तुकडे. एकावर चहा सांडून ठेवलेला, एकावर लिंबू पिळलेलं, एकावर गरम पातेल्याचा गोल चट्टा. प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीनं तारीख. सकाळी उठून ते तुकडे उजेडात धरायचे, बोटानं टकटक करायचे आणि कान लावून बसायचे. ताई एकदा म्हणाली, "अहो, मलाही विचारा की, मला कुठलं हवंय ते."

"तुला लाकडातलं काय कळतं?" असं म्हणून त्यांनी पुढच्या तुकड्यावर लिंबू पिळलं. ताई खाली वाकून कांदा चिरत राहिली.

बरं, फळी सापडत नव्हती असंही नाही. सापडायची, पण टिकायची नाही. भाऊजींना एक खोड आहे. चांगल्या लाकडाबद्दल त्यांना गप्प बसवत नाही. पहिली सागवानी फळी माझ्याच खांद्यावरून घरी आली. ती मुरायला म्हणून भिंतीला टेकवली. महिन्याभरात एक वकील कपाटाचं माप द्यायला आले. झालं! रेषा बघा, वजन बघा, वास घ्या, असं लाकूड पुन्हा व्हायचं नाही. अर्ध्या तासानं वकीलसाहेब म्हणाले, "मग मला हेच द्या." भाऊजींचा चेहरा असा फुलला की विचारू नका. लाकडाची कदर करणारा माणूस भेटला म्हणे! फळी गेली, तीही माझ्याच खांद्यावरून. पुढे शिसवीची गेली, मग आंब्याची गेली. माझा उजवा खांदा आजही डाव्याहून खाली आहे.

मग एका सकाळी ताईला सरळच होता येईना. वाकलेली ती वाकलेलीच. डॉक्टर घरी आले, तपासलं आणि भाऊजींना खडसावलं, "यांचं वाकणं आजपासून बंद. कमरेच्या उंचीचा ओटा करा. नाहीतर ही पाठ कायमची गेली म्हणून समजा."

भाऊजी घाबरले, ते मात्र खरं. दुसऱ्याच दिवशी कुठून तरी अक्रोडाची फळी घेऊन आले. माझा जीव भांड्यात पडला. पंधरा दिवसांनी डॉक्टर ताईला पुन्हा बघायला आले. फळी समोरच होती. भाऊजींनी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि अक्रोडाबद्दल सांगायला सुरुवात केली. मी इथे जास्त बोलत नाही, माझं रक्त तापतं. आज ती फळी डॉक्टरांच्या स्वयंपाकघरात आहे. ज्यानं औषध लिहून दिलं, तोच ते घेऊन गेला.

"भाऊजी, लाज वाटत नाही?" मी विचारलं.

"याहून चांगली मिळेल रे," ते म्हणाले. ताईनं डॉक्टरांनी दिलेला कमरेचा पट्टा बांधला आणि पुन्हा वाकली.

शेवटी जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो, नाहीतर मीही विश्वास ठेवला नसता. शाळेच्या मुख्याध्यापिका बाई वाचनालयाच्या मांडणीबद्दल बोलायला घरी आल्या. त्यांची नजर ताईच्या त्या दारावर गेली. "हे काय सुंदर आहे हो!"

"छे, जुनं दार आहे," भाऊजी म्हणाले आणि सवयीनं त्यावर टकटक केली. थांबले. पुन्हा टकटक केली. कान लावला. मला तिथेच घाम फुटला.

"बाई, हे अस्सल जुनं सागवान आहे! बघा, नऊ वर्षं तेल पिऊन कसं झालंय ते! हा रंग विकत मिळत नाही बाई, हा हातानं येतो."

तो हात ताईचा होता, हे त्या गडबडीत कोणाच्या लक्षात आलं नाही. बाईंना त्याचंच टेबल हवं झालं. ताईनं एकेक डबा, एकेक पातेलं उचलून जमिनीवर ठेवलं. भोकातली सुरी काढली. दार उचलायला कोणाला बोलावलं असेल? बरोबर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडतोय तर ताई शेगडी आणि डबे घेऊन कारखान्यात शिरताना दिसली. भाऊजींचं कामाचं टेबल तिनं झाडून पुसून घेतलं, रंधे आणि पटाश्या कोपऱ्यात रचल्या, फळी पकडायच्या शिकंज्यात किसणी घट्ट बसवली आणि कांदा चिरायला घेतला. टेबल बरोबर तिच्या कमरेला लागत होतं. नऊ वर्षांत ताईला ताठ उभी राहून चिरताना मी पहिल्यांदा पाहिलं. मला एकदम भरून आलं. इस्त्री शर्टावर तशीच राहिली आणि कॉलर जळाली.

भाऊजी आले. "अगं, हे काय?"

"ओटा."

"हे माझं कामाचं टेबल आहे!"

"लाकूड चांगलं आहे. मी निवडलंय."

गिऱ्हाइकं यायची, भाजीला फोडणी बसलेली बघायची आणि खोकत परत जायची. भाऊजी जमिनीवर फळी ठेवून, वाकून रंधा मारायचे. पहिला दिवस रागात गेला. दुसरा आदळआपट करण्यात गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांची पाठ धरली. हातात रंधा, तोंड जमिनीकडे, आणि वर होता येईना. मी रस्ता ओलांडून धावलो, पण ताई आधी पोचली. तिनं त्यांना धरून हळूहळू बसवलं, स्वतःचा पट्टा काढला आणि त्यांच्या कमरेला बांधला.

भाऊजींनी तो पट्टा चाचपून बघितला. "नऊ वर्षं तू अशी…" एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "कुठलं हवंय तुला?"

ताईनं विचार करायलाही वेळ घेतला नाही. कोपऱ्यातल्या लाकडांच्या ढिगाच्या तळाशी फणसाची एक फळी पडली होती, तिच्यावर हात ठेवला. "ही. कधीपासून बघून ठेवलीय."

"गाठ आहे त्यात."

"असू दे."

पाठ सुटल्यावर दोन दिवसांत त्यांनी ओटा केला. आधी ताईला ताठ उभं करून तिच्या कोपरापासून माप घेतलं. आणि काय ओटा झाला! मधासारखा पिवळा, आणि ती गाठ तर अशी उठून दिसते की बघत राहावं. मी सुद्धा टकटक करून पाहिली.

गेल्या आठवड्यात डॉक्टर ताईची पाठ बघायला आले. पाठ बघून झाली आणि त्यांची नजर ओट्यावर गेली. त्यांनी हात फिरवला. "वा! हे कुठलं लाकूड?"

भाऊजींनी तोंड उघडलं. ताईची सुरी जागच्या जागी थांबली. मी दारात उभा होतो, खांदा आपोआप मागे घेतला. भाऊजींनी टकटक करायला उचललेलं बोट मागे घेतलं.

"काही नाही हो," ते म्हणाले, "साधी फळी आहे. गाठीची. टाकून द्यायच्या लायकीची."

ताईनं पटकन पाठ फिरवली आणि चहाचं आधण ठेवलं. डोळे पुसलेले कोणाला दिसू नयेत म्हणून तिनं साखरेचा डबा उगाचच दोनदा उघडला. लाकडाबद्दल भाऊजी आयुष्यात खोटं बोलले, ते तेवढंच एकदा.