सलामीची रेस

माझ्या नव्या गाडीनं निळा धूर सोडायला सुरुवात केली तेव्हा ती वर्षाचीही झाली नव्हती. सकाळी शाळेत निघालो की गल्लीतल्या बाया पदर नाकाला लावायच्या. शेजारचे काका एकदा म्हणाले, "मास्तर, डासाची फवारणी तुमीच करून राहिले का?" मी हसलो, पण आतून जळलो. नवा वेतन आयोग लागला होता, परतवाड्यात आमच्या शाळेतल्याच, माझ्यासकट, पाच जणांच्या दारात नव्या गाड्या आल्या होत्या आणि धूर सोडायला नेमकी माझीच निघाली.

ती कापसाची वाईट वर्षं होती. जिनिंगचे भोंगे वाजेनासे झाले होते. आमच्या मिस्त्रीच्या टिनाच्या शेडपुढं पूर्वी दुरुस्तीला ट्रॅक्टर लागलेले असत, आता तेच ट्रॅक्टर विकायला म्हणून उभे असत. काळी-पिवळी जीपवाल्यांनीही कामं लांबणीवर टाकली होती. मिस्त्रीच्या हाताला खात्रीचं काम उरलं होतं ते आम्हा मास्तरांच्या गाड्यांचं. ब्रेक कसणं, चाकं बदलणं, बॅटरीला पाणी, कधी नुसतंच "जरा आवाज ऐका हो." तो ऐकायचाही. बॉनेटवर तळहात ठेवून डोळे मिटायचा आणि एखादं मिनिट काही बोलायचा नाही.

मला गाडी शिकवली ती त्यानंच. माझ्या काकाची परतवाडा-अमरावती जीप होती. कॉलेजच्या सुट्ट्यांत मी तिच्या स्टिअरिंगवर बसायचो आणि मिस्त्री शेजारी बसून शिव्या घालायचा. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. तेव्हा मला 'अबे' म्हणायचा. मी मास्तर झालो त्या दिवसापासून 'तुमी' म्हणू लागला. कितीदा म्हटलं की अबेच म्हणा, पण ऐकलं नाही.

त्या काळी स्टँडवरच्या सगळ्या ड्रायव्हरांची एक पद्धत होती. गाडी बंद करण्याआधी ॲक्सिलरेटर एकदा पुरता दाबायचा, इंजिन गर्जलं की त्याच दमात बंद करायचं. ह्याला सलामी म्हणत. सलामी दिली की सकाळी गाडी पहिल्याच फटक्यात उठते, असं सगळे मानत. सलामी न देता बंद करणारा म्हणजे कच्चा ड्रायव्हर. मिस्त्रीनं मला क्लचच्या आधी सलामी शिकवली असं म्हटलं तरी चालेल. पुढं मी वर्गावर शुद्धलेखन शिकवू लागलो, तरी पाय ड्रायव्हरचाच राहिला. नव्या गाडीलाही मी घरासमोर, शाळेसमोर, मिस्त्रीच्या शेडसमोर झोकात सलामी द्यायचो.

तर, धूर. मी आधी मिस्त्रीकडे गेलो. त्यानं बॉनेट उघडलं, एका जाड पाइपाच्या तोंडाशी तेल ओघळलेलं दाखवलं आणि म्हणाला की हा टर्बोचा भाग आहे, गाडी वॉरंटीत आहे, मी हात लावत नाही, सरळ अकोल्याला न्या. गाडी मी अकोल्याहून घेतली होती. सासुरवाडी तिथल्याच जठारपेठेत, मेव्हण्यानं शोरूम दाखवलं, म्हणून. पण मला उद्याच्या उद्या अकोल्याला जायचं नव्हतं. पेपर तपासायचे पडले होते. मी म्हटलं, निदान पाइप आवळणारी ती पट्टी तर कसून द्या. तो नको म्हणाला. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटल्यावर त्यानं पाना घेतला, पाइपावरची पट्टी दोन आटे कसली आणि कापडानं तेल पुसून दिलं. हे सगळं मला लख्ख आठवतं, कारण पुढं मी ते सोयीनं विसरलो.

धूर काही थांबला नाही. आठवड्यानं अकोला गाठलं. सर्व्हिस सेंटरात टाय लावलेला, गोड बोलणारा एक साहेब होता. त्यानं गाडी वर उचलली, टॉर्च मारली आणि मला बोलावून पट्टीवरचे पान्याचे ओरखडे दाखवले. बाहेर काम करून घेतलंय का, असं विचारलं. तो म्हणाला की टर्बो गेलाय, बदलावा लागेल, पण बाहेरच्या माणसानं हात लावल्याची खूण आहे, त्यामुळे वॉरंटीत बसेल की नाही ते कंपनी ठरवेल. फोटो पाठवतो, गाडी इथंच राहू द्या.

मी एसटीनं परत निघालो. खिडकीशी बसून सगळा रस्ता एकच गोष्ट उगाळली. अकोट येईपर्यंत मला राग आला होता, अंजनगाव येईपर्यंत राग कोणावर काढायचा तेही ठरलं होतं. मी तसा तापट माणूस. माझं डोकं फिरलं की आधी तोंड चालतं, मग अक्कल येते, आणि ती येते तेव्हा बरंच सांडून गेलेलं असतं.

परतवाड्याला उतरलो तो तडक शेडवर गेलो. बाजाराचा दिवस होता. आमच्या शाळेतले दोघे तिथं गाड्या घेऊन आलेले, चारदोन जीपवाले चहा पीत बसलेले. मिस्त्री एका चाकाशी उकिडवा बसला होता. मी नमस्कारही केला नाही.

"तुमच्या हातानं माझी वॉरंटी गेली," मी म्हणालो. "जे येत नाही त्याला हात काहून लावता? नव्या गाड्या तुमच्या हातच्या नाहीत."

मिस्त्रीनं पाना खाली ठेवला. मी तीनदा मागं लागलो होतो, हे तो सांगू शकला असता. त्यानं सांगितलं नाही. "बरं," एवढंच म्हणाला. मला वाटलं होतं तो भांडेल. तो भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या पंधरा दिवसांत काय झालं ते सांगायला फार शब्द लागत नाहीत. स्टाफरूममध्ये वॉरंटीची चर्चा झाली. सगळ्यांनी आपापल्या पुस्तिका काढल्या. दोघांनी गाड्या अकोल्याला नेल्या, बाकीच्या दोघांनी साधं हवा भरणंही पेट्रोल पंपावर सुरू केलं. मी शाळेत सायकलनं जायचो आणि शेडवरून जाताना नजर समोर ठेवायचो. एकदा नाइलाजानं पाहिलं तर मिस्त्री खाटेवर बसून विकायच्या ट्रॅक्टरचे दिवे पुसत होता. तेही दुसऱ्याच्या ट्रॅक्टरचे.

तिसऱ्या आठवड्यात अकोल्याहून फोन आला. कंपनीचा माणूस येऊन बघून गेला होता. पट्टीचा आणि टर्बोचा काही संबंध नाही, टर्बोचा आतला दांडा झिजलाय, वॉरंटीत बदलून दिलाय, गाडी घेऊन जा. मला एवढा आनंद झाला की येताना बायकोसाठी साडी घ्यायची असंही ठरवलं. मिस्त्रीची आठवण झाली, नाही असं नाही, पण ती मी बाजूला सारली.

सर्व्हिस सेंटरातला फोरमन अकोल्याचाच, केस पांढरे झालेला, तेलकट चष्मा. तो शेजारी बसला, मी एक चक्कर मारून आणली. धुराचा पत्ता नाही. खुशीत येऊन मी गाडी गेटाशी लावली, सलामी दिली आणि बंद केली.

फोरमन माझ्याकडे बघतच राहिला. "मास्तर, हे काय करून राहिले तुमी?"

मी म्हटलं, काय केलं?

"रोज अशीच बंद करता?"

मग त्यानं मला समजावलं, अगदी वर्गात ढ पोराला समजवावं तसं. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. रेस दिली की तो भन्नाट फिरतो. त्याच क्षणी इंजिन बंद केलं की त्याला मिळणारं तेल बंद होतं, पण पंखा काही लगेच थांबत नाही. कोरडाच फिरतो. इतके महिने रोज चारदा कोरडा फिरवला तर दांडा झिजणार नाही तर काय होणार. जुन्या जीपला हे चालायचं, तिला टर्बो नव्हता. ह्या गाडीला उलट अर्धं-एक मिनिट शांत चालू ठेवायची आणि मग बंद करायची. पुस्तिकेत चौकट टाकून लिहिलंय म्हणाला. ती पुस्तिका मी पूजेच्या दिवशी हळदकुंकू लावून कपाटात ठेवली होती. परीक्षेत पोरांना 'आधी सूचना वाचा' असं ओरडून सांगणारा माणूस मी.

येताना गाडी सुरेख चालली. साडी घेतली नाही. आपण काय केलं ते आता पूर्ण कळलं होतं, आणि आणखी एक कळत होतं की जिथं बोललो तिथंच, चार लोकांतच परत घ्यावं लागणार. त्यात मला शूरपणाही वाटला, खोटं कशाला बोलू. चूक कबूल करणारा माणूस आपल्याला फार मोठा वाटतो, विशेषतः तो आपणच असलो तर.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी मुद्दाम त्या चारी सहकाऱ्यांना घेऊन शेडवर गेलो. मिस्त्री नुकताच नमाज आटोपून आला होता, टोपी घडी करून खिशात ठेवत होता. सगळ्यांसमोर मी सांगितलं. पट्टी कसायला मीच तीनदा मागं लागलो होतो. पट्टीनं काही झालं नव्हतं. टर्बो माझ्या सलामीनं गेला. मग फोरमननं सांगितलेलं सगळं, पंखा, तेल, कोरडं फिरणं, हेही बैजवार सांगितलं. मास्तरच मी, अर्ध्यावर थांबेन कसा.

मिस्त्री लक्ष देऊन ऐकत होता. मध्ये त्यानं एकदोन शंका विचारल्या, किती वेळ चालू ठेवायची, सगळ्याच नव्या डिझेल गाड्यांना हे असतं का. मी म्हटलं, टर्बो असलेल्या सगळ्यांना. त्यानं मान हलवली. माझे सहकारी हसत होते, माझी फिरकी घेत होते, वातावरण हलकं झालं होतं. मी मिस्त्रीचा हात धरून माफी मागितली.

"माफी कायची मास्तर," तो म्हणाला. "सलामी तं म्याच शिकवली होती तुमाले. अजूनबी देतो. त्या टर्बोचं मले मालूमच नव्हतं." मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "तुमी बोलले ते खरंच निघालं. नव्या गाड्या माह्या हातच्या नाहीत."

मी नाही नाही म्हणत राहिलो. त्यानं सगळ्यांना चहा पाजला.

दोन सहकारी नंतर त्याच्याकडे गाड्या नेऊ लागले. तो चाकं काढायचा, ब्रेक कसायचा. पण बॉनेट उघडायची वेळ आली की हसून म्हणायचा, ते तिकडंच दाखवा. माझी वॉरंटी संपली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी मोठ्या हौसेनं गाडी त्याच्या शेडपुढं नेली, मिनिटभर चालू ठेवून सावकाश बंद केली आणि म्हणालो की आता कंपनीचा काही संबंध नाही, आता ही तुमची.

तो उठून आला. हात पुसले. बॉनेटवर तळहात ठेवला, डोळे मिटले नाहीत.

"चांगली चालून राहिली मास्तर," तो म्हणाला. "काहून उघडता?"

आणि हात काढून घेतला.