मंजुळाबाईची कोरी घागर

गावानं मंजुळाबाईला पहिल्यांदा नीट पाहिलं ते बहात्तरच्या दिवाळीनंतर. तोपर्यंत ती नुसती वनाची बायको होती. नरडाण्याच्या बाजूच्या त्या गावात आधीचं वर्ष अर्ध्या पावसाचं गेलं, आणि बहात्तरला तर आभाळानं तोंडच फिरवलं. एकेक विहीर आटत गेली. त्या आळीत शेवटी एकच विहीर राहिली, झुलालची, खालच्या शेतातली. एका सकाळी तिथं बाया हंडे घेऊन ओळीनं उभ्या होत्या, आणि मंजुळाबाई डोक्यावर रिकामा हंडा घेऊन त्या ओळीच्या समोरून, मान ताठ ठेवून, नदीकडे निघून गेली. झुलाल तिचा सख्खा धाकटा दीर. विहीर घरची म्हणावी अशी. तरी ती थांबली नाही.

नदी म्हणजे नुसती वाळू. त्या वाळूत कमरेइतका खड्डा खणायचा, त्याला झिरा म्हणायचे. तळाशी पाणी पाझरेपर्यंत बसून राहायचं आणि मग वाटीवाटीनं हंडा भरायचा. हंडा घेऊन घरी यायला ऊन डोक्यावर यायचं. येताना परत ती विहीर लागायची. मंजुळाबाई तेव्हाही तिकडे बघायची नाही.

याचं मूळ जुनं होतं. सासरा वारल्यावर भावांच्या वाटण्या झाल्या, तेव्हा रीतीप्रमाणे थोरल्या वनानं वाटे पाडले आणि धाकट्या झुलालनं आपला वाटा आधी उचलला. त्यानं नाल्याकाठचा खालचा तुकडा घेतला. वनाला वरचा माळाकडचा आला. पुढं खालच्या शेतात विहीर खणायची ठरली, तर वना महिनाभर भावाच्या बरोबरीनं तिच्यात उतरून पहार मारत होता. पाणी लागलं तेव्हा भिजलेल्या धोतरानंच तो नाचत घरी आला. मग वरच्या शेतात खणली. तिथं काळा पाषाण लागला, आणि पाषाणाखाली पाषाण.

वना हसून म्हणाला, "ज्याच्या त्याच्या नशिबात."

मंजुळाबाईला ते हसणं कधी पचलं नाही. तिची खात्री होती की पाणी मूळ आपल्याच शेतातलं, उतारानं झुलालच्या विहिरीत गेलं. भूगोलाच्या हिशेबानं ती अगदीच चुकत होती असंही नाही. पण तिचा राग भूगोलावर नव्हता. तो होता जावेवर, यशोदाबाईवर. यशोदाला विहीर, यशोदाला दोन मुलगे. मंजुळाबाईला एक मुलगी, तीही असोद्याला दिलेली. बहात्तरच्या श्रावणात वना तापानं गेला, तेव्हापासून घरात ती आणि एक शेळी.

मत्सर कसा बारीक असतो पाहा. त्या विहिरीच्या कडेला एक शेवगा होता. सगळं शिवार भाजून निघालं तरी तो हिरवा होता. मंजुळाबाईच्या ओट्यावरून त्याचा फक्त शेंडा दिसायचा, तरी ती त्याच्याकडे पाठ करून बसायची. यशोदानं एकदा शेंगा पाठवल्या. त्या हिनं शेळीपुढे टाकल्या. दुष्काळी कामावर दोघी एकाच रस्त्याची खडी फोडायच्या, तर मंजुळाबाई आपला ढीग लांब, दुसऱ्या टोकाला मांडायची. दुपारी खायला सरकारी सुकडी वाटली जायची, तेव्हा यशोदाच्या पदरात दोन मुठी जास्त पडल्या असं तिला रोज वाटायचं.

आणि सगळ्यांत वाईट म्हणजे त्या विहिरीवरचं लोखंडी चाक. ते पहाटेपासून करकरायचं. विहीर नवीन होती तेव्हा घटकाभर वाजून थांबायचं, आता बंदच व्हायचं नाही. ऐकून हिला वाटायचं, केवढं पाणी असेल, की दिवसभर ओढतात तरी सरत नाही! बाया म्हणायच्या, "तळ दिसतो गं आता." मंजुळाबाई मनात म्हणायची, नजर लागू नये म्हणून बोलतात. ती स्वतः मात्र कधी डोकावली नाही. डोकावणं म्हणजे हार.

अशा वर्षात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खानदेशात दिवाळीपेक्षा मोठा हा सण. त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावानं मातीची नवी घागर काठोकाठ भरून पुजतात. वर छोटं मडकं, त्यावर खरबूज, सांजोरी. घागर भरली की वरच्या माणसांची वर्षाची तहान भागते. ही घागर थोरल्या घरी भरायची. सासऱ्याची, आजेसासऱ्याची घागर आजवर वनाच्या घरी भरत आली. झुलालनं येऊन पाणी घालायचं, जेवायचं आणि पाया पडून जायचं. वर्षातून एक दिवस यशोदाबाई थोरल्या जावेच्या उंबऱ्यात पाहुणी म्हणून बसायची. मंजुळाबाईचं जे काही होतं, ते एवढंच होतं.

यंदा भाऊबंदांत कुजबूज सुरू झाली. वना गेला, मागे मुलगा नाही, घागर आता झुलालकडे जायला हवी. शेवटी धनसिंग आबांनी, त्या कुळातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसानं, ओट्यावर बसून निकाल दिला.

"यंदा वनानी पहिली घागर शे. मंजुळाना घरच भरू द्या. काठोकाठ भरी तर घागर तठेच राही. नही भरी, तर मंग झुलालकडे."

हे ऐकल्यावर मंजुळाबाई दोन दिवस आधीपासून झिऱ्यावर बसली. आखाजीच्या आदल्या संध्याकाळी तिच्याकडे पाण्याचा एक हंडा आणि एक कळशी जमली होती. घागरीला तेवढं पुरे होतं.

सकाळी तिनं गव्हाच्या मुठीवर घागर मांडली आणि हंडा ओतला. घागर भरली. तिनं हात जोडले, आणि पुरणाचं बघायला चुलीशी गेली. परत येऊन पाहते तर पाणी चार बोटं खाली. बाहेरून घागरीला घाम फुटला होता. बुडाखालचे गहू ओले झाले होते. तिनं कळशी ओतली. थोड्या वेळानं पाणी परत खाली. नवी मातीची घागर वापरण्याआधी दोन-तीन दिवस पाण्यात बुडवून ठेवायची, हे तिला का माहीत नव्हतं? दरवर्षी ठेवायची. पण यंदा बुडवायला पाणी आणायचं कुठून! कोरी घागर आधी स्वतःची तहान भागवते, मग पितरांची.

शेजारची धुरपदाबाई दारात येऊन उभी राहिली. म्हातारी, तोंडानं तिखट.

"अव माय, भिजाडी नही का घागर?"

"भिजाडाले पानी कोठे शे, काकी?"

"जठे चाक वाजस तठे शे. आते तरी नाक खाली कर. आबा येतीन जेवाले. अर्धी घागर दखाडशी का त्यासले?"

झिऱ्यावर जाऊन यायचं तर दुपार टळली असती. मंजुळाबाईनं घागरीकडे पाहिलं. पाणी आता गळ्याच्याही खाली होतं. तिनं कळशी उचलली आणि बाहेर पडली. पायात चपला घालायचंही राहिलं.

विहिरीवर चार बाया होत्या. हिला येताना पाहून त्या जरा बाजूला सरल्या. यशोदाबाई दोर ओढत होती. आणि तिच्या पायाशी, शेवग्याच्या सावलीत, पाण्यानं थबथबलेली एक नवी घागर होती. चांगली भिजवलेली. मंजुळाबाईला सगळं एका क्षणात कळलं. विहीर घेतली, आता घागरही घेणार!

यशोदाबाईनं दोर धरूनच विचारलं, "काय व जेठानी, आज कशी वाट चुकनी?"

"चुकनी नही. पानी लेवाले उनू." मग तिची नजर घागरीवर गेली. "आन तू कोनी घागर भिजाडी, व?"

यशोदाबाई दोर ओढत राहिली. एक बाई खुदकन हसली आणि लगेच पदर तोंडाला लावला.

"दे तो दोर," मंजुळाबाई म्हणाली. "पानी मी ओढसू. मन्हा धनीनी खंदेल शे हाई हीर."

दोर तिच्या हातात आला. तिनं बादली सोडली. दोर जातच राहिला, जातच राहिला, आणि मग खालून आवाज आला तो पाण्याचा नव्हे, पत्र्याचा दगडावर. बादली खरवडत फिरवून तिनं वर ओढली. चाक करकरलं. बादलीत तळाला ओंजळभर गढूळ पाणी. तिनं पुन्हा सोडली. पुन्हा ओंजळभर. तेव्हा ती कठड्यावर ओणवली आणि वर्षभरात पहिल्यांदा आत पाहिलं. तळाच्या एका खळग्यात पाणी चमकत होतं, काशाच्या थाळीएवढं.

वर्षभर ही विहीर तिनं आपल्या मनात काठोकाठ भरून ठेवली होती. आणि चाक दिवसभर वाजत होतं, ते बादली भरत नव्हती म्हणून.

"इतलंच शे?"

"चैतपाईन इतलंच शे," यशोदाबाई म्हणाली. "तुले काय वाटनं, समिंदर शे?"

मंजुळाबाईनं बादली पुन्हा सोडली. तशीच ओढत राहिली. सात-आठ खेपांत कळशी जेमतेम गळ्याला आली. हाताला दोराचे वळ उठले. यशोदाबाई बाजूला उभी राहून बघत होती. मग तिनं वाकून ती भिजलेली घागर उचलली आणि जावेच्या पुढ्यात ठेवली.

"हाई लई जा. गळाव नही."

"कसाले? तू तर तुन्हा घर भरनार व्हती."

"व्हती. खोटं कसाले बोलू? दरसाल तुन्हा उंबरावर बसीसन मन्हा जीव जळस." यशोदाबाईनं पदरानं कपाळ पुसलं. "पन तू मन्हा हीरवर पानी लेवाले उनी. भरनं मन्हं पोट. आते जा, आबा वाट दखतीन."

मंजुळाबाईनं कळशी डोक्यावर आणि घागर कमरेवर घेतली. आभार वगैरे तिनं मानले नाहीत. यशोदानंही त्याची वाट पाहिली नाही. फक्त चार पावलं गेल्यावर मंजुळाबाई वळून म्हणाली, "जेवाले लवकर ये. आन कुरडाया लई ये, मन्ह्या जळी गयात."

दुपारी धनसिंग आबांनी घागरीच्या काठाला बोट लावून पाहिलं. बोट ओलं झालं. झुलालनं हात जोडून भावाचं नाव घेतलं, आणि मग तो बराच वेळ उठला नाही. यशोदाबाई उंबऱ्यात बसून जेवली. पुरण जरा पातळ झालंय, असं तिनं दोनदा सांगितलं.

जळणं त्या दिवशी संपलं असं कोणी समजू नये. पुढच्या पावसात विहीर भरली आणि मंजुळाबाईला पुन्हा ती सलू लागली. यशोदाबाईला घागर सलत राहिली. पण त्या आखाजीनंतर मंजुळाबाई पाण्याला कधी दुसरीकडे गेली नाही, आणि शेवग्याच्या शेंगा शेळीला घातल्या नाहीत.

मंजुळाबाई आता ऐंशीच्या पुढे आहे. असोद्याला मुलीकडे, केळीच्या मळ्यात राहते. आखाजीच्या आधी चार दिवस ती एसटीनं गावी येते, आणि नवी घागर यशोदाबाईच्या विहिरीवर भिजत घालते.